उतारावर न्यूट्रल करू का? आणि दांड्या-बटणांचं सगळं

एरंडोलकडच्या एका भावाने विचारलंय. थोडक्यात असं, की त्यांनी २०१८ ची पेट्रोल गाडी सेकंड हँड घेतली, लायसन काढून वर्ष झालं पण गाडी हातात आत्ता आली, आणि चैत्राची यात्रा आटोपली की आई, बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन वणीच्या गडावर जायचंय. स्टेअरिंगमागच्या दांड्या आणि डॅशबोर्डवरचे दिवे नीट कळत नाहीत, व्हिडिओ बघून अजून गोंधळ झालाय, आणि मेहुणे सांगतात की उतारावर गाडी न्यूट्रल करायची, जमलं तर चावीच बंद करायची, पेट्रोल वाचतं. हे खरं का?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी काही चुकलं तर गाडीला ओरखडा पडेल पण हे चुकलं तर घाटात माणूस जातो. उतारावर न्यूट्रल करायचं नाही आणि चावी तर कधीच बंद करायची नाही. मेहुण्यांना वाईट वाटलं तरी चालेल, त्यांनाही हे वाचायला द्या.

मी जळगावात गाडी शिकवतो, बावीस वर्षं झाली, त्याआधी गॅरेजवर होतो म्हणून आतलंही थोडं माहीत आहे. नुसतं सांगून पटत नाही, तर तुम्ही आजच दारात गाडी उभी असताना एक करून बघा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. आता ब्रेक चार-पाच वेळा पूर्ण दाबा. पहिले दोन-तीन वेळा पेडल मऊ जाईल आणि मग एकदम कडक होईल, पायाखाली दगड आल्यासारखं. तो पाय तसाच दाबून धरा आणि गाडी स्टार्ट करा. पेडल हळूच थोडं खाली बसेल, तुम्ही जास्त जोर न लावता. ते जे खाली बसलं ना, ती बुस्टरची ताकद. इंजिन चालू असतं तेव्हा ते हवा ओढतं, त्या ओढीवर बुस्टर चालतो आणि तुमच्या पायाचा जोर कितीतरी पट वाढवून चाकाला देतो. इंजिन बंद झालं की बुस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक राहते, ती संपली की मग तुमचा नुसता पाय आणि हजार किलोची गाडी. आणि स्टार्ट केल्यावर पेडल खाली बसलंच नाही, तर बुस्टर किंवा त्याचा पाईप गेलाय असं समजा, गडाचं नंतर बघू, आधी गॅरेज.

लळिंगच्या उताराला मी हे शेजारच्या सीटवर बसून बघितलंय. मालेगावकडून धुळ्याला येत होतो, गाडी ओळखीतल्या एकाची, त्याने वरूनच चावी बंद केली, म्हणे आता धुळ्यापर्यंत फुकट. पुढे एक ट्रक हळू झाला. पहिला ब्रेक लागला, दुसरा लागला, तिसऱ्याला पेडल खालीच जाईना, तो अक्षरशः सीटवरून उठून ब्रेकवर उभा राहिला, आणि स्टेअरिंगही जड झालेलं कारण पॉवर स्टेअरिंगसुद्धा इंजिनवरच. मी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि थोडा थोडा ओढत गेलो, गाडी डावीकडच्या मुरुमात उतरली आणि ट्रकच्या मागच्या फळ्यापासून हातभरावर थांबली. इंजिन बंद असल्यामुळे गाडीत आवाज नव्हता, फक्त टायरखाली मुरूम वाजत होता. तो आवाज मी विसरलेलो नाही. आणि त्याने चावी अजून मागे फिरवून बाहेर काढली असती तर स्टेअरिंग लॉक झालं असतं, मग गाडी मुरुमातही घालता आली नसती.

आता पेट्रोल वाचण्याचं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या वेळी न्यूट्रल करायची सवय लागली ती लागली, ती आता तोट्याची आहे. तुमची गाडी इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. उताराला गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय ॲक्सिलेटरवरून पूर्ण काढला, तर कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे उलट पेट्रोल लागतं. म्हणजे मेहुणे वाचवतायत असं म्हणतात तिथे खर्च होतोय, आणि वरून इंजिनची पकड गेली की सगळा भार ब्रेकवर.

ब्रेकवर सगळा भार आला की काय होतं ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. २०२३ च्या जुलैत शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर उतारावरून आला, ब्रेक निकामी झाले होते असं तेव्हा सांगितलं गेलं, गाड्यांना धडकून तो हॉटेलात घुसला आणि कमीत कमी दहा माणसं गेली. ती अवजड गाडी होती, पण तापलेला ब्रेक लहान गाडीतही तसाच दगा देतो. सारखा दाबून ठेवला की पॅड तापतात, पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी शोषलं गेलेलं असतं, ते उकळतं, पेडल स्पंजासारखं लागतं आणि खाली जातं. सेकंड हँड गाडीत ब्रेक ऑइल कधी बदललंय कोणालाच माहीत नसतं, म्हणून निघायच्या आधी ते बदलून घ्या, साधारण दोन वर्षांनी बदलायचंच असतं. खर्च फार नाही.

मग उतरायचं कसं? ज्या गिअरमध्ये तो घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, गडाच्या पायथ्याच्या नांदुरीचा घाट दुसऱ्यात चढलात तर दुसऱ्यातच उतरा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्येच वेग वाढल्यावर नाही. पाय ॲक्सिलेटरवरून बाजूला. इंजिन घूं घूं करेल, करू द्या, ते इंजिनाचं ओरडणं नाही, ते गाडी धरून ठेवतंय. वेग वाढला असं वाटलं की ब्रेक जरा जोरात दाबून वेग खाली आणायचा आणि पाय पूर्ण सोडायचा, परत वाढला की परत. हलका पाय सारखा ठेवायचा नाही. क्लचवरही पाय ठेवायचा नाही, क्लच दाबला की ते न्यूट्रलच झालं की! नवशिके इथेच चुकतात, घाबरले की दोन्ही पाय एकदम दाबतात. घाबरलात तर फक्त उजवा पाय, क्लच अगदी थांबायच्या वेळी.

आता बसण्यापासून सुरू करतो, कारण पाय चुकतात त्याचं अर्धं कारण सीट असते. शिकवायला आलेली निम्मी माणसं स्टेअरिंगला छाती लावून बसतात, पुढचं बॉनेट दिसावं म्हणून. सीट इतकी मागे-पुढे घ्या की क्लच पूर्ण तळाला दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहील. पाठ टेकलेली असताना हात लांब करून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टेअरिंगमध्ये वीतभरापेक्षा जास्त अंतर, साधारण २५ सेंटिमीटर. हेडरेस्ट मानेला नाही, डोक्याच्या मागे आला पाहिजे, मागून कोणी ठोकलं तर मान त्याच्यावर वाचते. हे सगळं गाडी उभी असताना, चालत्या गाडीत सीटची दांडी ओढलीत आणि सीट मागे सरकली तर पाय ब्रेकला पोहोचतच नाही.

आणि पायाखाली बघा. रोज बघा. माझ्याकडे शिकायला एक ताई यायच्या, हात चांगला बसला होता, एक दिवस त्यांच्या स्वतःच्या गाडीत बसलो तर आकाशवाणी चौकाच्या अलीकडे ब्रेक दाबला आणि पेडल खालीच जाईना. पाण्याची बाटली. सीटखालून घरंगळत आली आणि बरोबर पेडलच्या मागे अडकली. वेग कमी होता म्हणून मी हँडब्रेकवर थांबवली. आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक गाडीत दोन-तीन बाटल्या असतात, त्या दारातल्या खाचेत ठेवा किंवा मागे पिशवीत बांधून. मॅट ड्रायव्हरच्या पायाखाली एकच, हुकात अडकवलेली, एकावर एक दोन टाकायच्या नाहीत, वरची सरकून ॲक्सिलेटरवर चढते. चप्पल सैल असेल तर काढून शेजारच्या सीटखाली, स्वतःच्या पायाजवळ नाही.

आरसे. आतल्या आरशात मागची पूर्ण काच दिसली पाहिजे, आणि त्या आरशाच्या खाली एक छोटी खुंटी असते, बऱ्याच लोकांना वर्षानुवर्षं माहीत नसते. रात्री मागच्या गाडीचा अप्पर, म्हणजे लांबचा झोत, डोळ्यावर आला की ती खुंटी ओढा, उजेड मंद होतो. बाहेरच्या आरशात स्वतःची गाडी अगदी किनारीपुरती दिसावी, बाकी सगळा रस्ता. तरी दोन्ही बाजूंना आंधळा कोपरा राहतोच, मोटरसायकल त्यात पूर्ण मावते, म्हणून लेन बदलायच्या आधी मान थोडी वळवून बघायचं.

आता दांड्या. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजवी दांडी दिव्यांची आणि इंडिकेटरची, डावी वायपरची, काही कंपन्यांच्या गाड्यांत उलट असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते पाठ करायची माझी पद्धत अशी: गाडी दारात उभी, चावी ऑन, तुम्ही डोळे मिटून बसा आणि वहिनींनी शेजारी बसून एकेक नाव घ्यायचं. डावा इंडिकेटर. वायपर. पाणी. डिपर. हॉर्न. पार्किंग लाईट. समोरच्या काचेची हवा. ड्रायव्हरकडची काच खाली. न बघता हात बरोबर जागेवर गेला पाहिजे. रोज दहा मिनिटं, आठ दिवस. माझ्याकडे पहिले दोन दिवस मी गाडी हलवूच देत नाही, हेच करून घेतो, लोक कंटाळतात, पण ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, आणि वायपरचं बटण शोधायला खाली बघितलं की दोन-तीन सेकंद सहज जातात. तेवढ्यात तुम्ही डोळे मिटून ५०-६० मीटर गेलात.

दिव्यांची दांडी स्वतःकडे ओढली की अप्पर चमकतो आणि सोडला की बंद, समोरच्याला खूण करायला. पुढे ढकलली की अप्पर कायम लागतो आणि डॅशबोर्डवर निळा दिवा येतो. तो निळा दिवा चालू असताना समोरून गाडी दिसली की लगेच डिपर, म्हणजे खालचा झोत. समोरचा देत नाही म्हणून आपणही द्यायचा नाही असं करू नका, दोघंही आंधळे झाले तर मधल्या पायी चालणाऱ्याचं काय? तुमच्या रस्त्यावर हे फार महत्त्वाचं आहे, धुळे-मालेगाव-देवळा-कळवण हा खानदेशातून गडावर पायी जाणाऱ्यांचाच रस्ता, चैत्रात लोक उन्हामुळे रात्रीच चालतात, यात्रा संपली तरी परतणारे, उशिरा निघालेले असतात. शिवाय बिना टेललाईटच्या ट्रॉल्या. डिपरमध्ये साधारण ४०-५० मीटर दिसतं. ८० ने जाताना अचानक काही दिसलं तर विचार करून पाय ब्रेकवर जाईपर्यंत २२ मीटर आणि पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला ३५ च्या वर, म्हणजे दिसलेल्या उजेडात तुम्ही थांबूच शकत नाही. ६० ला ते गणित बसतं. म्हणून रात्री डिपरवर असाल तर ६० च्या आत. खरं तर माझं ऐकाल तर रात्री निघूच नका, पहाटे पाचला निघा.

अजून एक, स्टेअरिंगच्या उजवीकडे खाली ०, १, २, ३ लिहिलेली एक छोटी चकती असेल. मागे तीन माणसं आणि डिकी भरली की गाडी मागून बसते आणि हेडलाईट वर बघायला लागतात, डिपर दिला तरी समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा चकती २ वर करा, दिवे खाली येतात. एकटे असाल तेव्हा परत ० वर.

पार्किंग लाईट, म्हणजे लाल त्रिकोणाचं बटण, चारही इंडिकेटर एकदम. हे गाडी रस्त्यात बंद पडली, थांबावी लागली, किंवा पुढे अचानक अपघात दिसून मागच्याला सावध करायचं असेल तेव्हा. आपल्याकडे चौकात सरळ जायचं म्हणून चारही लावतात, तसं करू नका. बाजूने येणाऱ्याला तुमची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही वळताय. पावसात चालू ठेवून चालवतात तेही चूक, कारण मग तुम्ही वळायचा इंडिकेटर दिला तरी मागच्याला कळतच नाही. सरळ जायचं असेल तर काहीच लावायचं नाही. आणि पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर ते दोन अर्थाचं असतं, कोणी 'जा पुढे' म्हणून देतो, कोणी खरंच उजवीकडे वळतो. ट्रकची चाकं कुठे जातायत ते बघा, आणि उजवीकडे गावाचा फाटा, पेट्रोल पंप, हॉटेल असेल तर तो वळणार असंच धरून चाला.

डॅशबोर्डचे दिवे. रंग लक्षात ठेवा, लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, पिवळा म्हणजे गाडी चालेल पण गॅरेजला दाखवा, हिरवा-निळा नुसती माहिती. चावी ऑन केली की बहुतेक दिवे एकदम लागतात आणि स्टार्ट झाल्यावर विझतात, तो गाडीने स्वतःची केलेली तपासणी असते. सेकंड हँड घेणाऱ्याने इथे नीट बघावं. एअरबॅगचा दिवा चावी ऑन केल्यावर लागलाच नाही, तर खूश होऊ नका, एअरबॅग खराब असल्यावर दिवा सारखा जळतो म्हणून कोणी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो. तुमची गाडी २०१८ ची आहे, ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय, एप्रिल २०१९ पासून. म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये असेलही, नसेलही, कागद बघा, चावी ऑन करून दिवे बघा.

तेलाच्या कुपीसारखा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर लगेच डावीकडे घेऊन, थांबून, इंजिन बंद. ऑइलचं प्रेशर गेलेलं असतं, अजून दोन किलोमीटर ओढली तर इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं. उद्गारचिन्हाचा लाल दिवा हँडब्रेकचा असतो, पण हँडब्रेक खाली केल्यावरही तो गेला नाही तर ब्रेक ऑइल कमी झालंय, तशी गाडी घाटात न्यायचीच नाही. एबीएसचा पिवळा दिवा चालत्या गाडीत लागला तर साधा ब्रेक लागतो पण एबीएस काम करत नाही. एबीएस चांगला असेल आणि जोरात ब्रेक मारायची वेळ आली तर पेडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाज येतो. लोक घाबरून पाय काढतात, काढू नका, तसाच दाबून ठेवा आणि स्टेअरिंगने बाजूला काढा, एबीएस त्यासाठीच असतो की चाकं न अडकता गाडी वळावी. कुठे मोकळ्या मैदानात ४० च्या वेगाला एकदा मारून बघा, म्हणजे खऱ्या वेळेला पाय दचकणार नाही.

टेंपरेचरचा काटा. चैत्रात आपल्याकडे चाळीसच्या वर गेलेलं असतं, भुसावळ-जळगावचं ऊन काय सांगायचं, आणि एसी लावून पाच जणांची गाडी घाट चढते. काटा मधल्यापेक्षा वर सरकायला लागला की आधी एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. बाहेर एवढं ऊन आणि हीटर कसा लावायचा असं वाटेल, पण तो इंजिनची गरमी ओढून आत टाकतो, दहा मिनिटं सहन करा, इंजिन वाचतं. लाल रेषेला टेकला तर थांबा. बॉनेटमधून वाफ येत असेल तर बॉनेटला लगेच हात लावू नका, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कोणीही सांगितलं तरी उघडायचं नाही. आत प्रेशरमध्ये उकळतं पाणी असतं, झाकण सैल केलं की ते तोंडावर येतं. माझ्या गॅरेजच्या दिवसांत एका पोऱ्याचा पूर्ण हात भाजला होता, कापड धरून उघडलं होतं तरी. पाऊण-एक तास थांबा, मग बघा.

हवा सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर लिहिलेला असतो, भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तोच घ्या, पंपवाल्याचा अंदाज नाही. उन्हाळा आहे म्हणून कमी भरतात ते अगदी उलट आहे, हवा कमी असली की टायर जास्त चेपतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीला मूळचेच टायर असतील तर खाच कितीही छान दिसो, बदला. चालताना फुटलाच तर ब्रेक मारू नका, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या आणि मग बाजूला.

बेल्ट सगळ्यांना, आईंनासुद्धा. मागच्या सीटला बेल्ट कायद्याने लागतोच, नाही लावला तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नाही सांगत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्याच सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर येऊन आदळतो, स्वतःही जातो आणि पुढच्यालाही घेऊन जातो. आईंना पोटावर त्रास होतो म्हणतील तर खालचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांच्या वर हाडावर बसवा, वरचा खांद्यावरून, मग त्रास होत नाही. बाजारात नुसतं क्लिप मिळतं, खाचेत घातलं की टुं टुं बंद होतो, ते मागच्या मालकाने ठेवलं असेल तर फेकून द्या. आणि मुलीला पुढे मांडीवर अजिबात बसवायचं नाही. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, मांडीवरचं मूल तिच्या आणि तुमच्या मध्ये चेंगरतं. चार वर्षांची आहे म्हणजे मागे, लहान मुलांच्या सीटमध्ये. शेजारच्या सीटच्या एअरबॅगच्या झाकणावर गणपती चिकटवलेला असेल तर नमस्कार करून थोडा बाजूला घ्या, झाकण उडालं की मूर्ती दगडासारखी येते.

मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतो, दार उघडल्यावर कडेला छोटा खटका दिसतो, तो लावा. काचांचं लॉक ड्रायव्हरच्या दारावर, तेही दाबून ठेवा, मुलांचं डोकं बाहेर असताना काच वर गेलेली मी बघितली आहे. आणि दर्शनाला जाताना, चहाला थांबताना, मुलगी झोपलीय म्हणून गाडीत ठेवून पाच मिनिटंही जायचं नाही. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी तापते. एसी चालू ठेवून बंद जागेत, शेडमध्ये, गाडीत झोपायचंही नाही, धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, आत येतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतून उठत नाही. एसीचं ते गोल बाणाचं बटण आतलीच हवा फिरवतं, धुळीत, ट्रकच्या मागे ठीक आहे, पण तासन् तास तसंच ठेवलं तर सगळ्यांना पेंग येते, तुम्हालाही, म्हणून अर्ध्या तासाने बाहेरची हवा घ्या. पावसाळ्यात काच आतून धुरकट झाली तर एसी चालू आणि हवा समोरच्या काचेवर, हाताने पुसत बसू नका.

घाटाकडे परत येतो. यात्रेच्या दिवसांत खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं, तुम्ही नंतर जाताय म्हणजे घाट तुम्हालाच चढायचा. चढावर मध्येच थांबावं लागलं तर गाडी क्लचवर लटकवून ठेवू नका, क्लचप्लेट जळते, जळक्या दोरखंडासारखा वास येतो. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडा, गाडीचं नाक थोडं वर उचलल्यासारखं वाटेल आणि आवाज जड होईल, तिथे क्लच धरा, थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे जाणार नाही. हे घरी एखाद्या छोट्या चढावर वीसदा करा, मागे कोणी हॉर्न देत नसताना. वळणाला हॉर्न द्या, समोरून एसटी वळण घेताना दिसली तर आधीच थांबून तिला जागा द्या. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो, चढताना तो तुमचा, उतरताना समोरच्याचा, तरी हक्कासाठी अडून बसू नका.

गाडी उताराला लावायची तर हँडब्रेकसोबत गिअर पण, तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला दगड. निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाका, मागच्या मोटरसायकलवाल्यासाठी.

आणि देव न करो पण खरंच ब्रेक लागेनासा झाला तर: पेडल भराभर पंप करा, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला असा एकेक गिअर खाली, हँडब्रेक बटण दाबून थोडा थोडा, हॉर्न सारखा, आणि दरीकडे नाही, डोंगराकडे गाडी घासून थांबवा. चावीला हात लावायचा नाही. नंबर फोनमध्ये ठेवा, ११२ सगळ्यासाठी, १०८ ॲम्ब्युलन्स, १०३३ नॅशनल हायवेची मदत.

खाली नांदुरीला उतरलात की पाच मिनिटं थांबा, पुढच्या चाकाच्या जाळीजवळ तळहात न्या, लोखंडाला लावू नका. नुसती ऊब लागली तर तुम्ही घाट बरोबर उतरलात. हात जवळ नेववत नसेल आणि जळका वास येत असेल तर ब्रेक जास्त वापरला गेला, चाकावर पाणी ओतू नका, गरम डिस्क वाकते, अर्धा तास तशीच थंड होऊ द्या, तोवर चहा घ्या आणि मग कळवणच्या रस्त्याला लागा.